एकच जखम, दोन प्रश्न: मूलभूत आणि ट्रान्सलेशनल संशोधन

उसाचा हंगाम सुरू झाला की मिरजेच्या सर्जरी वॉर्डात असा एक तरी पेशंट असतोच. शेतात उसाचं बुडखं पायात घुसलेलं, शुगर वाढलेली. पाय बधिर, म्हणून दुखलंच नाही. चप्पल ओली लागली तेव्हा कळलं. ड्रेसिंग सोडावं तर जखमेच्या कडा पांढरट, जाड आणि तळाशी पिवळा थर. महिना उलटला तरी जखम भरत नाही.

ती बघताना दोन प्रश्न पडतात. जखम भरताना पेशींना ‘वाढा’ म्हणून सांगतं कोण? हा मूलभूत संशोधनाचा प्रश्न. आणि तो निरोप औषधातून देऊन या माणसाचा पाय वाचवता येईल का? हा ट्रान्सलेशनल. थिसिसचा विषय ठरवताना आमच्या पीजींची, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांची, इथेच गल्लत होते.

१९७४ साली अमेरिकेत रसेल रॉस आणि त्यांचे सहकारी रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड का होतात याच्या मागे होते. रक्त गोठल्यावर मिळणाऱ्या सीरममध्ये रक्तवाहिनीच्या स्नायूपेशी जोमानं वाढायच्या. प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या कणिका) आधीच काढून टाकलेल्या रक्ताच्या सीरममध्ये मात्र तेवढ्या वाढत नसत. म्हणजे वाढीचा निरोप प्लेटलेटमधून सुटत होता. पुढे त्या घटकाला पीडीजीएफ, म्हणजे प्लेटलेटमधून येणारा वाढीचा घटक, हे नाव रूढ झालं. या प्रयोगात मधुमेहाच्या पायाचा विषयही नव्हता, आणि नव्हता म्हणून त्याचं मोल तसूभरही कमी होत नाही.

१९९७ मध्ये हाच घटक बेकाप्लर्मिन नावाच्या जेलच्या रूपात आला; अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मधुमेही पायाच्या जखमांसाठी त्याला मान्यता दिली. मधली २३ वर्षं कशात गेली? मानवी जनुक यीस्टमध्ये घालून तो घटक हवा तेवढा तयार करणं, जखमेवर टिकेल असं जेल बनवणं, डोस ठरवणं, मग पेशंटवर चाचण्या. ट्रान्सलेशनल काम म्हणजे हे सगळं. एवढं होऊनही मेलेलं मांस काढलं नाही आणि पायावरचा भार कमी केला नाही, तर नुसत्या जेलनं भागत नाही.

वाट उलटीही असते. न भरणाऱ्या जखमांतलं पाणी तपासलं, तेव्हा त्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स भरपूर सापडली. वाढीचे घटक ती तिथल्या तिथे खाऊन टाकतात. हा धागा वॉर्डातून लॅबकडे गेला. मला ही दिशा फार महत्त्वाची वाटते, कारण महागडी लॅब आपल्याकडे नसेल, पण अशा जखमा रोज डोळ्यांसमोर आहेत.

दोन ड्रेसिंगपैकी कुठलं सरस, ही तुलना मात्र क्लिनिकल संशोधन. गरजेचं, कष्टाचं काम आहे. त्याला त्याच्याच नावानं ओळखावं.

परवा एका जेआरनं (ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टरनं) विचारलं, ‘सर, जखमेतलं पाणी लॅबला पाठवलं तर ते यातलं कुठलं संशोधन?’ म्हटलं, आधी प्रश्न लिही. त्यात कुठली एन्झाइम्स आहेत आणि ती काय करतात, एवढंच शोधायचं असेल तर मूलभूत. त्यांच्या पातळीवरून कुठली जखम भरणार नाही हे पहिल्याच आठवड्यात ओळखून उपचार बदलायचे असतील तर ट्रान्सलेशनल. बाटली तीच, पाणी तेच. एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची संमती दोन्हीकडे लागेल.