कडक स्प्रिंगांनी पिकअप वाढत नाही
मोठ्या बाइकच्या क्लचला कडक स्प्रिंगा बसवल्या की पिकअप वाढतो, असा समज ठाण्यातल्या बाइकस्वारांमध्ये वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो खरा नाही. क्लच ताकद निर्माण करत नाही. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तो गिअरबॉक्सकडे पोहोचवतो, आणि क्लचच्या एकमेकींवर दाबलेल्या प्लेटा घसरत नसतील तर तो टॉर्क आधीच पूर्ण पोहोचत असतो. इंजिनात बदल करून टॉर्क मूळ क्लचच्या क्षमतेपलीकडे गेला असेल, तेव्हाच कडक स्प्रिंगांचा उपयोग होतो. एरवी पदरात पडतो तो जड लिव्हर, आणि घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत तो दाबून दाबून मनगट भरून येते.

वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) झपाट्याने चढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. तरीही खर्चाआधी लिव्हरची मोकळी चाल, म्हणजे क्लच सुटू लागण्याआधीची ढिली हालचाल, तपासावी आणि ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA) किंवा ‘एमए२’ हा बाइकच्या ऑइलचा दर्जा लिहिला आहे ना, हे पाहावे, कारण घर्षण कमी करणारे कारचे ऑइल तेलात चालणाऱ्या प्लेटांची पकड घालवू शकते. क्लच उघडल्यावर पोलादी प्लेटा निळसर पडलेल्या दिसल्या, तर त्या अति तापलेल्या आहेत. तेव्हा नुसत्या स्प्रिंगा न बदलता प्लेटांचा पूर्ण संच बदलून घ्यावा.