एकाच गावाची दोन दप्तरं

सोमवारी सकाळी ऑफिस उघडतं. शनिवारी रात्री कंपनीची वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवलेली असते. गिऱ्हाइकांना ती दिसते, मालकांनी रविवारी घरी मोबाइलवर पाहिलेली असते. ऑफिसातल्या चाळीस कॉम्प्युटरांपैकी एकावरही मात्र ती उघडत नाही. वेबसाइट बनवणारा सांगतो, ‘आमच्याकडून सगळं ओके आहे.’ इंटरनेटवाला लाइन तपासून जातो. कुणीतरी अँटिव्हायरस बंद करून बघतं. मग एखाद्याच्या लक्षात येतं, की मोबाइलचं वायफाय बंद केलं की साइट उघडते आणि चालू केलं की पुन्हा गायब होते.

नेटवर्कची कामं करताना हा प्रसंग मी इतक्या ऑफिसांत पाहिलाय, की वायफायचं हे वाक्य कानावर पडलं की मी आधी सर्व्हरच्या कपाटाकडे जातो. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो, आणि त्यात मशीन बिघडलेलं नसतं. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं त्याने आपल्या दप्तरानुसार अगदी चोख उत्तर दिलेलं असतं.

हे दप्तर म्हणजे डीएनएस. कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसं नावांनी. नावावरून आकडा शोधून देणं हे डीएनएसचं काम. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर सगळ्या मशीनची नावं एकाच फाइलीत असायची. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. मशीन वाढली तशी ही पद्धत तोकडी पडायला लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वेगळी रचना मांडली: सगळी नावं एका ठिकाणी नकोत, ज्याचं नाव त्याने त्याचं दप्तर ठेवावं. वरच्याला फक्त एवढंच माहीत असावं, की खालचं दप्तर कोणाकडे आहे.

आपल्याकडे सातबारा जसा त्या त्या गावच्या तलाठ्याकडे असायचा, तसंच हे. एखाद्या गट नंबराबद्दल त्याच गावच्या तलाठ्याने ‘अशी नोंद नाही’ म्हटलं, तर तो शब्द शेवटचा. डीएनएसमध्येही एखाद्या नावाचा अधिकृत सर्व्हर ‘नाही’ म्हणाला, की विचारणारा पुढे कुणाकडे जात नाही. हा ‘नाही’ ‘मला माहीत नाही’पेक्षा वेगळा आहे. ‘माहीत नाही’नंतर चौकशी चालू राहू शकते, ‘नाही’नंतर थांबते. ऑफिसातल्या या दुखण्याचं मूळ एवढ्या एका फरकात आहे.

आता ऑफिसला स्वतःचं दप्तर का लागतं? आतल्या मशीनना १०, १७२.१६ किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी आकडे असतात. हे पट्टे १९९६ च्या नियमाने खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. जगभर लाखो ऑफिसांत तेच आकडे पुन्हा पुन्हा वापरले जातात आणि बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना काही अर्थ नसतो. त्यामुळे ‘अकाउंट्सचा सर्व्हर कुठे?’ याचं उत्तर आतलंच दप्तर देऊ शकतं. त्यात २००० साली विंडोज २००० सोबत अॅक्टिव्ह डिरेक्टरी आली, म्हणजे ऑफिसातली माणसं, त्यांचे पासवर्ड आणि कॉम्प्युटर एका जागी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था. लॉगिन तपासणारा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, कुठे आहे हेही कॉम्प्युटर आता डीएनएसला विचारू लागले. सर्व्हर बसवताना पडद्यावर प्रश्न यायचा, डोमेनचं नाव काय? बसवणाऱ्याने व्हिजिटिंग कार्डावर होतं तेच नाव टाकून दिलं.

समजा ते नाव एक्झाम्पल डॉट कॉम आहे. (हे नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं असल्याने कुणाला त्रास न होता वापरता येतं.) त्या क्षणी एक्झाम्पल गावाची दोन दप्तरं झाली: एक बाहेर, डोमेन विकत घेतलं त्या कंपनीच्या सर्व्हरवर आणि दुसरं ऑफिसच्या कपाटात. दोन्ही स्वतःला अधिकृत समजतात आणि एकमेकांशी कधीच बोलत नाहीत. ऑफिसातला कॉम्प्युटर गूगलचा पत्ता विचारतो तेव्हा आतला सर्व्हर निमूटपणे बाहेर चौकशी करून उत्तर आणतो. पण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट एक्झाम्पल डॉट कॉम विचारलं, की तो म्हणतो, हे तर माझंच गाव. आपलं दप्तर चाळतो. नोंद नसेल तर ‘नाही’ सांगतो, जुनी असेल तर जुना आकडा देतो. आपल्या सोमवारच्या ऑफिसात दुसरा प्रकार झालेला होता.

तातडीचा उपाय सोपा आहे: आतल्या दप्तरात तीच नोंद नव्या आकड्याने लिहायची. त्याहून बरं म्हणजे आकडा लिहूच नये. होस्टिंगवाल्याने स्वतःचं एखादं नाव दिलेलं असेल, तर ‘या नावासाठी त्या नावाकडे जा’ अशी नोंद करता येते. ते दुसरं नाव आपल्या गावचं नसतं, त्यामुळे सर्व्हर ते बाहेरच विचारतो आणि उद्या होस्टिंगवाल्याने आकडा बदलला तरी आपलं काही अडत नाही. क्लाउडवरच्या साइटचे आकडे न सांगता बदलतात, तिथे हाच मार्ग टिकतो.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता नुसतं एक्झाम्पल डॉट कॉम टाइप केलं, तर मात्र खरी पंचाईत होते. अॅक्टिव्ह डिरेक्टरीत त्या उघड्या नावावर डोमेन कंट्रोलर स्वतःचा आकडा नोंदवतो. तो पुसला तर थोड्या वेळाने पुन्हा लिहितो, कारण कॉम्प्युटरांना लागणारी धोरणं आणि लॉगिन स्क्रिप्ट यांची फाइल-वाट त्याच नावावरून जाते. हट्टाने तिथे वेबसाइटचा आकडा बसवला तर साइट दिसेल, पण धोरणं पोचायची बंद होतील. काही जण डोमेन कंट्रोलरवरच छोटा वेब सर्व्हर चालवून लोकांना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे ढकलतात. मला ते पटत नाही. ज्या मशीनवर सगळ्या ऑफिसचे पासवर्ड आहेत, तिच्यावर जास्तीचं एकही दार उघडू नये. नाव तेच ठेवायचं असेल तर ऑफिसातल्या लोकांनी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावायची सवय करून घेणं, हेच प्रामाणिक उत्तर आहे.

इथे एक चूक आवर्जून सांगायला हवी, कारण ती करणारा माणूस चांगल्या हेतूनेच करतो. साइट उघडत नाही म्हणून तो प्रत्येक कॉम्प्युटरवर डीएनएसच्या दुसऱ्या रकान्यात गूगलचा ८.८.८.८ भरतो. त्याला वाटतं, पहिल्याने नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचारलं जाईल. तसं होत नाही. दुसऱ्याकडे विचारणा होते ती पहिला गप्प राहिला तर, आणि ‘नाही’ हेसुद्धा उत्तरच आहे. म्हणजे मूळ तक्रार तशीच राहते आणि वर नवी उगवते. आतला सर्व्हर कधी क्षणभर अडखळला की कॉम्प्युटर गूगलकडे वळतो. गूगलला अकाउंट्सचा सर्व्हर ठाऊक असण्याचं कारणच नाही. मग शेअर केलेलं फोल्डर कधी उघडतं, कधी नाही. लॉगिनला कधी पाच सेकंद, कधी पाच मिनिटं. अशी अधूनमधून येणारी तक्रार शोधण्यात माणसांचे आठवडेच्या आठवडे गेलेले मी पाहिले आहेत. कॉम्प्युटरांना फक्त आतले सर्व्हर द्यावेत, शक्यतो दोन. बाहेर विचारणं हे त्या सर्व्हरचं काम.

मग आत वेगळंच, मनाने रचलेलं नाव ठेवलं तर? पुष्कळांनी तसं केलं. कुणी ‘डॉट लोकल’ घेतलं, कुणी ‘डॉट कॉर्प’, वेबसाइट बनवणाऱ्यांनी चाचणीसाठी ‘डॉट डेव्ह’. डॉटनंतरचा हा भाग नावाचं आडनावच. मालकीचं नसलेलं आडनाव लावलं, की एक दिवस खरा मालक उभा राहतो. ‘डॉट डेव्ह’ गूगलकडे गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमने त्या आडनावाच्या प्रत्येक साइटला सुरक्षित जोडणी सक्तीची केली आणि कित्येक डेव्हलपरांच्या चाचणीच्या साइट एका अपडेटने उघडेनाशा झाल्या. ‘डॉट लोकल’ २०१३ मध्ये एका वेगळ्याच पद्धतीसाठी अधिकृतपणे राखलं गेलं. सर्व्हरशिवाय प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकमेकांना हाका मारून शोधतात, ती ही पद्धत. अॅपलची उपकरणं ती आधीपासून वापरत होती, म्हणून ‘डॉट लोकल’ डोमेनच्या ऑफिसांत मॅक कॉम्प्युटर सर्व्हरला विचारण्याऐवजी हाका मारत बसायचे.

‘कॉर्प’ची गोष्ट याहून गंभीर आहे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सूचनांमध्ये उदाहरण म्हणून हे नाव होतं आणि अनेक कंपन्यांनी ते जसंच्या तसं उचललं. ऑफिसात सगळं ठीक चाले. तोच लॅपटॉप एखाद्या कॅफेच्या वायफायवर उघडला, की आतला सर्व्हर आवाक्यात नसे. मग नाव जुळवण्याच्या खटपटीत विंडोज बाहेरच्या, खऱ्याखुऱ्या कॉर्प डॉट कॉमचं दार ठोठावायचं. ते डोमेन माइक ओ'कॉनर या गृहस्थांनी १९९४ मध्ये घेऊन ठेवलं होतं. २०१९ मध्ये तिथे काय येतं याची पाहणी झाली, तेव्हा पावणेचार लाखांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर तिकडे असं काही पाठवू पाहत होते, जे त्यांनी बाहेर बोलायलाच नको होतं. त्यात लॉगिनचे प्रयत्नही होते. ओ'कॉनर यांनी २०२० मध्ये ते १७ लाख डॉलरच्या बोलीपासून विकायला काढलं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. चुकीच्या माणसाच्या हाती गेलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनलाही याची धास्ती होती. ‘डॉट होम’, ‘डॉट कॉर्प’ आणि ‘डॉट मेल’ या आडनावांचे अर्ज २०१८ मध्ये त्यांनी थांबवूनच टाकले. बाकीच्या नव्या आडनावांसाठी एक सुंदर युक्ती काढली: सुरुवातीचे ९० दिवस त्या नावांना १२७.०.५३.५३ हा आकडा द्यायचा. १२७ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘मी स्वतः’, त्यामुळे माहिती मशीनबाहेर जात नाही. ५३ हा डीएनएसचा पोर्ट क्रमांक. नोंदी चाळणाऱ्याला हा विचित्र आकडा दिसला की कळावं, इथे नावांची टक्कर होते आहे.

नवं ऑफिस मांडणाऱ्याला माझा सल्ला ठाम आहे. स्वतःच्या मालकीचं डोमेन घ्या आणि आतल्या नेटवर्कला त्याचं पोटनाव द्या, जसं एडी डॉट एक्झाम्पल डॉट कॉम. मग आतला सर्व्हर फक्त त्या वाडीचा तलाठी राहतो, गावाचा नाही, आणि वेबसाइटबद्दलचा प्रश्न आपोआप बाहेर जातो. पोर्टलसारख्या एखाद्या नावाला आत वेगळा आकडा हवाच असेल, तर नेमक्या त्या एका नावापुरतं छोटं दप्तर, म्हणजे झोन, बनवता येतं. सबंध गावाचं दप्तर उचलायची गरज पडत नाही. डोमेन घ्यायचंच नसेल तर ‘डॉट इंटर्नल’ आहे. जुलै २०२४ मध्ये आयकॅनने ते खासगी वापरासाठी कायमचं राखून ठेवलं. त्यात उणीव एकच, अशा नावांना बाहेरच्या संस्था सुरक्षा प्रमाणपत्र देत नाहीत.

जुन्या ऑफिसचं डोमेन बदलण्याच्या फंदात घाईने पडू नये. ईमेलचा एक्स्चेंज सर्व्हर त्यात असेल, तर नाव बदलण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबाच नाही. तिथे दोन दप्तरं नीट जुळवत राहणं, हाच शहाणपणा.

त्या सोमवारी आम्ही आधी फक्त खात्री केली. काळ्या खिडकीत एनएसलुकअप ही डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा चालवून तेच नाव एकदा आतल्या सर्व्हरला विचारलं, एकदा बाहेरच्याला. दोन वेगळे आकडे आले. आतली नोंद दुरुस्त केली, आयपीकॉन्फिग या आज्ञेने कॉम्प्युटरांनी लक्षात ठेवलेलं जुनं उत्तर पुसलं आणि साइट दिसायला लागली. जाण्यापूर्वी बाहेरच्या नोंदींची छापील यादी काढून एकेक ओळ आतल्या दप्तराशी ताडून पाहिली. वेबमेलची नोंदही जुनीच निघाली. ती कुणी वापरली नव्हती, म्हणून तक्रार आली नव्हती.