रिसीट-पेमेंट आणि इन्कम-एक्स्पेंडिचर: कॉलेजच्या हिशेबातले दोन कागद

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी कॉलेजांत अकाउंट सांभाळायला एकच माणूस असतो. फीच्या पावत्या तोच फाडतो, कीर्द (रोजच्या जमा-खर्चाची वही) तोच लिहितो आणि एप्रिल लागला की ऑडिटरसाठी फायलीही तोच लावतो. त्याचा सगळ्यात जास्त घोळ रिसीट-पेमेंट आणि इन्कम-एक्स्पेंडिचर या दोन कागदांत होतो, आणि त्यात त्याची चूक नाही. दोन्हींवर फी, पगार, लाइट बिल हीच नावं असतात.

रिसीट-पेमेंट म्हणजे कीर्दीचा वर्षभराचा गोषवारा. सुरुवातीची शिल्लक, आलेले पैसे, गेलेले पैसे, उरलेली शिल्लक. पैसा कोणत्या वर्षाचा, हे तो विचारत नाही. इन्कम-एक्स्पेंडिचर नेमकं तेच विचारतो: या वर्षाची कमाई किती, आणि या वर्षाचा म्हणून खर्च किती? पैसे हातात आले नसतील तर ते ताळेबंदात, म्हणजे येणं-देणं दाखवणाऱ्या तक्त्यात, येणे म्हणून बसतात.

समजा 120 मुलं आहेत आणि फी 8,000 रुपये. वर्षाची फी झाली 9,60,000. त्यातली 31 मार्चपर्यंत 8,40,000 जमा झाली. शिवाय मागच्या वर्षाची थकबाकी 60,000 आली, पुढच्या वर्षाची आगाऊ फी 50,000 आली आणि माणशी 500 प्रमाणे अनामत 60,000. रिसीट-पेमेंटमध्ये जमा दिसेल 10,10,000. इन्कममध्ये मात्र 9,60,000 एवढेच. राहिलेले 1,20,000 येणे. आगाऊ फी आणि अनामत हे देणे.

अनामतीवर जरा थांबतो, कारण तिथे झालेलं नुकसान मी जवळून पाहिलंय. एका कॉलेजात ती वर्षानुवर्षं फीबरोबर उत्पन्नात धरली गेली. मुलं दाखला न्यायला आली, अनामत मागू लागली, तेव्हा वहीत त्यांच्या नावावर काहीच नव्हतं. ते पैसे मुलांचेच होते. कॉलेजकडे ते फक्त ठेवायला दिलेले.

आपल्या भागात शिष्यवृत्तीचंही असंच. चंदगडहून येणाऱ्या मुलाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाराष्ट्राकडून येते, त्याच्या शेजारी बसणाऱ्या खानापूरच्या मुलीची कर्नाटकाकडून. दोन राज्यं, दोन वेळापत्रकं. शिष्यवृत्तीच्या भरवशावर थकलेली फी 31 मार्चला मुलागणिक, राज्यागणिक लिहून ठेवली नाही तर ती कुणाला आठवतही नाही.

खर्चाकडे फरक सोपा आहे. 3,00,000 चे कॉम्प्युटर घेतले तर पेमेंटमध्ये सगळी रक्कम जाते, एक्स्पेंडिचरमध्ये फक्त त्या वर्षाचा घसारा, म्हणजे वापरामुळे त्या वर्षात कमी झालेली किंमत.

खरा गोंधळ आयकराच्या नियमानं वाढवला. कॉलेज चालवणाऱ्या धर्मादाय ट्रस्टला करमाफीसाठी उत्पन्नाच्या किमान 85 टक्के रक्कम आपल्या उद्देशासाठी वापरावी लागते. 2022 च्या वित्त कायद्यानं स्पष्ट केलं की हा वापर ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरायचा. म्हणजे मार्चचा पगार एप्रिलमध्ये दिला, तर इन्कम-एक्स्पेंडिचरमध्ये तो या वर्षाचा खर्च, पण 85 टक्क्यांच्या हिशेबात पुढच्या वर्षाचा. हे ऐकून काही जणांनी "मग रिसीट-पेमेंट पुरे की" असा अर्थ काढला. तसं नाही. ती करापुरती वेगळी मोजणी आहे. मार्चचा पगार देणे आहे, हे वहीत दिसलंच पाहिजे. ऑगस्ट 2022 मध्ये आलेल्या नियम 17 एए प्रमाणे अशा संस्थांनी वह्या 10 वर्षं जपायच्या आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे आकडे बदलतात, म्हणून जुन्या फायलीवरून नवा फॉर्म उतरवू नका.

तयारी मार्चमध्ये नको, प्रवेश सुरू होण्याआधी करा. पावतीपुस्तक छापायला देताना त्यात दोन रकाने वाढवून घ्या: फी कोणत्या वर्षाची, आणि रकमेतली अनामत किती. खिडकीवर पावती फाडतानाच हे लिहिलं गेलं, तर एप्रिलमध्ये दोन्ही कागद त्याच पावत्यांवरून तयार होतात.