स्नायूंचं मागचं दार

“वीस मिनिटं सलग चालल्याशिवाय चरबी जळायला सुरुवातच होत नाही” हे वाक्य जिममध्ये, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर इतक्यांदा ऐकू येतं, की कोणीतरी ते केव्हाच सिद्ध केलं असेल असं वाटावं. प्रत्यक्षात शरीर चोवीस तास चरबी जाळत असतं, तुम्ही हे बसून वाचताय तेव्हासुद्धा. व्यायाम लांबत जातो तसा इंधनातला चरबीचा वाटा हळूहळू वाढतो, एवढंच त्यातलं खरं. विसाव्या मिनिटाला शरीरात कसलंही बटण दाबलं जात नाही.

एरवी अशा समजुतींकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. पण घरात सहा-आठ महिन्यांचं बाळ असलं आणि आई-बाप दोघंही नोकरी करणारे असले, तर या एका समजुतीपायी व्यायाम वर्षानुवर्षं बंद पडतो. आईची २६ आठवड्यांची रजा संपलेली असते. बापाला केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस मिळालेले असतात, खासगीत कंपनीची मर्जी. सलग अर्धा तास दिवसात कुठेच सापडत नाही. मग अधूनमधून सापडणारी दोन-दोन, पाच-पाच मिनिटंही ‘एवढ्यात काय होणार’ म्हणून मोबाइलवर जातात.

एवढ्यात बरंच काही होतं.

गंमत म्हणजे पूर्वी शास्त्रज्ञांचंही मत जिमवाल्यांसारखंच होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत अट होती, की आठवड्याची १५० मिनिटं मोजताना दहा मिनिटांपेक्षा छोटा तुकडा धरायचा नाही. २०२० मध्ये नव्या शिफारशी आल्या तेव्हा ही अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम हे माप राहिलं, तुकडे कितीही लहान चालतील.

या प्रवासाची सुरुवात लंडनच्या डबल डेकर बसमध्ये झाली होती. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवलं, की दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, जिने चढत-उतरत तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकाराचे झटके कमी येतात. कंडक्टर काही व्यायाम करत नव्हते, नोकरी करत होते. मॉरिस मात्र प्रामाणिक संशोधक. त्यांनी पुढे गणवेशांच्या नोंदी उकरून काढल्या आणि १९५६ मध्ये छापलं, की ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर नोकरीला लागतानाच कंडक्टरांपेक्षा मोठी होती! म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येणार नाही. मुळात सडपातळ माणसं कंडक्टर होत असावीत.

ही विजारींची गोष्ट पाठ करून ठेवावी, कारण ती पुन्हा पुन्हा लागते. २०२२ मध्ये सिडनीच्या इमॅन्युएल स्टामाटाकिस यांच्या गटाने ब्रिटनमधल्या सुमारे २५ हजार लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांच्या नोंदी तपासल्या. ही सगळी माणसं ‘आम्ही व्यायाम करत नाही’ असं सांगणारी. त्यांतली काही जण दिवसातून तीनेक वेळा मिनिट-दोन मिनिटं धाप लागेल असं काहीतरी करत होती. बस पकडायला पळणं, चढ भरभर चढणं, जड पिशव्या उचलून आणणं. पुढच्या सुमारे सात वर्षांत अशांचा मृत्यूचा धोका, असं काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, साधारण ४० टक्क्यांनी कमी दिसला. लगेच ‘दिवसात तीन मिनिटं, आयुष्य वाढवा’ असे मथळे झळकले. पण यातल्या लोकांचं सरासरी वय साठीच्या आसपास होतं, आणि ज्याला जिना पळत चढता येतो तो आधीच बरा असण्याची शक्यता असते. पुन्हा विजारींची कंबर. संशोधकांनी हे फरक हिशेबात धरायचा प्रयत्न केला होता, तरी अशा पाहणीतून कार्यकारणभाव पक्का होत नाही.

म्हणूनच मला आकड्यांपेक्षा यंत्रणा जास्त विश्वासार्ह वाटते. छोट्या हालचालीने शरीरात नेमकं काय घडतं ते कळलं, तर मथळ्यांची गरज उरत नाही. आणि इथे माझं अतिशय लाडकं प्रथिन येतं: ग्लूट-४.

आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असतं. दोन पोळ्या आणि वरणभात खाल्ला की पुढच्या दोन-तीन तासांत त्याच्या कितीतरी पट ग्लुकोज आतड्यांतून रक्तात उतरतं. ते कुठेतरी साठायला हवं आणि सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. पण स्नायूपेशीचं आवरण स्निग्ध, साखर पाण्यात विरघळणारी. तिला आपलं आपण आत शिरता येत नाही. आत नेणारं वाहक प्रथिन लागतं, ते हे ग्लूट-४. एरवी ते आवरणावर जवळजवळ नसतंच. पेशीच्या आत, अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये पडून असतं. जेवणानंतर इन्सुलिन येतं, पेशीच्या बाहेरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं आणि आत निरोपांची साखळी सुरू होते. ग्राही आयआरएस नावाच्या प्रथिनाला उठवतो, ते पीआय-३ कायनेज या विकराला (एन्झाइमला), त्याच्या पुढे अ‍ॅक्ट नावाचं आणखी एक विकर. अ‍ॅक्टचं काम म्हणजे टीबीसी-१-डी-४ या प्रथिनावर फॉस्फेटचा गट चिकटवणं. हे टीबीसी-१-डी-४ त्या पिशव्यांना अडवून धरत असतं. फॉस्फेट बसला की त्याची पकड सुटते, पिशव्या आवरणाकडे सरकतात, त्यात मिसळतात आणि ग्लूट-४ बाहेरच्या बाजूला येऊन साखर आत ओढू लागतं. हे झालं पुढचं दार.

आता मागचं. स्नायू आकुंचन पावला की त्यात कॅल्शियमची लाट उठते. त्याचा ऊर्जेचा साठा, म्हणजे एटीपी, भराभर खर्च होतो आणि एटीपी वापरून उरणारं एएमपी साचू लागतं. एएमपी वाढलं की एएमपीके नावाचं विकर जागं होतं. ते पेशीचं इंधनमापक आहे असं समजा. एएमपीके, कॅल्शियम आणि स्नायूवर पडणारा ताण यांचे निरोप टीबीसी-१-डी-४ आणि त्याच्या जुळ्या भावापर्यंत, टीबीसी-१-डी-१ पर्यंत, पोचतात. पिशव्या सुटतात. ग्लूट-४ आवरणावर. या सगळ्यात इन्सुलिनचा, त्याच्या ग्राहीचा, पीआय-३ कायनेजचा संबंधच आला नाही.

हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही. बुरशीपासून मिळणारं वर्टमॅनिन हे रसायन पीआय-३ कायनेजला बंद पाडतं. १९९५ मध्ये उंदरांच्या स्नायूंवर ते वापरून पाहिलं. इन्सुलिन दिलं तर ग्लूट-४ हललंच नाही, कारण पुढच्या दाराला कुलूप. पण तोच स्नायू विजेच्या झटक्यांनी आकुंचित केला, तेव्हा ग्लूट-४ नेहमीसारखं आवरणावर हजर! पुढे टाइप-२ मधुमेह असलेल्या माणसांच्या स्नायूंचे तुकडे तपासले. ज्यांचं इन्सुलिन नीट काम करत नव्हतं त्यांच्यातही सायकल चालवल्यावर ग्लूट-४ आवरणावर आलेलं दिसलं.

याचा बाळाशी संबंध असा, की बाळ पुढचं दार किलकिलं करून ठेवतं.

झोप मोडली की इन्सुलिनचं काम बिघडतं. शिकागोमध्ये ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांच्या रक्तातली साखर निवळायचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. पुढे २०१२ मध्ये सात जणांच्या चरबीपेशी काढून तपासल्या, तर चार रात्रींच्या अपुऱ्या झोपेनंतर त्यांच्यातल्या अ‍ॅक्टचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला. तेच वर आलेलं अ‍ॅक्ट. चरबीपेशी म्हणजे स्नायू नव्हेत हे मान्य, पण साखळी तीच आहे. आणि मागचं दार? ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात (२०२१) तरुणांना पाच रात्री चार तासच झोपवलं. नुसते कमी झोपलेल्यांची साखर पेलण्याची क्षमता घसरली. ज्यांनी त्या दिवसांत तीनदा सायकलवर जोरकस, थांबून-थांबून व्यायाम केला, त्यांची टिकून राहिली.

या प्रयोगांत बहुतेक सगळे विशी-तिशीतले पुरुष आहेत. रात्री तीनदा उठणारी आई त्यांत कुठेच नाही. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना ती का दिसली नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा.

यावरून पहाटे पाचला उठून धावायला जावं असा अर्थ मात्र कोणी काढू नये. बाळ झोपलंय आणि तुम्हीही झोपू शकताय, तर झोपा. मागचं दार दिवसा, येता-जाता उघडायचं आहे.

ऑफिसचा जिना यासाठी उत्तम. कॅनडात २०१९ मध्ये व्यायाम न करणाऱ्या तरुणांना ६० पायऱ्या जोरात चढायला लावल्या. दिवसातून तीनदा, मध्ये काही तासांचं अंतर, आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाचेक टक्क्यांनी वाढली. वाढ लहान आहे, पण एका वेळी मिनिटभरही जात नाही. कॅलरींचा हिशेब मात्र मांडूच नका. ६५ किलोच्या माणसाने तीन मजले, म्हणजे १० मीटर, चढणं म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची: जवळपास ६४०० ज्यूल, म्हणजे दीड किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर खर्च सहा किलोकॅलरी. चहाबरोबरच्या एका ग्लुकोज बिस्किटात वीसेक असतात. पण तेच अंतर अर्ध्या मिनिटात चढलात तर पायांनी २०० वॉटपेक्षा जास्त शक्ती लावलेली असते, आणि एएमपीकेला जाग येते ती या घाईमुळे. उपयोग इंधन जळण्याचा नाही, निरोप पोचण्याचा आहे. निरोप फक्त आकुंचन पावलेल्या स्नायूलाच मिळतो, म्हणून हातांपेक्षा मांड्या आणि पोटऱ्या कामाला लावाव्यात. बाळ कडेवर असताना जिना पळत चढू नये, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही.

घरी आल्यावर शतपावली. जेवणानंतर साधारण अर्ध्या ते एक तासात रक्तातली साखर शिखरावर असते. त्या वेळात चालणं अगदी हळू असलं तरी चालतं. अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात (२०१३) साठीपुढच्या, साखर किंचित वाढलेल्या लोकांमध्ये प्रत्येक जेवणानंतरच्या १५ मिनिटांच्या चालण्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर सलग ४५ मिनिटं चालण्यापेक्षा जास्त चांगली आटोक्यात आली. बाळाला ढेकर काढायला खांद्यावर घेऊन घरातल्या घरात फेऱ्या मारणं हीसुद्धा शतपावलीच. फक्त यावरून ‘आपल्या पूर्वजांना ग्लूट-४ माहीत होतं’ असा फॉरवर्ड तयार करू नका. त्यांना जेवणानंतर बरं वाटतं हे माहीत होतं, तेवढं पुरेसं आहे.

पूर्वजांचा विषय निघालाच आहे तर दुसरीही बाजू पाहू. ‘अंगावर पाजतेस, व्यायाम केलास तर दूध आटेल’ हे अजून घरोघरी सांगितलं जातं. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात ३३ मातांवर हे तपासलं गेलं. एका गटाने बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी सुरू करून १२ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज ४५ मिनिटं व्यायाम केला. दुधाचं प्रमाण, दुधातले घटक, बाळाचं वजन, कशातही फरक पडला नाही. पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात, त्यामुळे डिंकाचे लाडू खुशाल खावेत. सहा आठवड्यांत सपाट पोट दाखवणाऱ्या रीलवाल्यांना यातलं काही सांगून उपयोग नाही.

बाळंतपणानंतर सुरुवात केव्हा करायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, विशेषतः सिझेरियन झालं असेल, टाके दुखत असतील किंवा खोकताना-शिंकताना लघवी निसटत असेल तर. या शेवटच्या तक्रारीवर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात. ‘बायकांना व्हायचंच’ म्हणून सोडून देण्यासारखी ती नाही.

वेळेचं गणित नुसतं तुकड्यांनी सुटत नाही, हेही बोललं पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. आईला व्यायामाला वेळ नाही याचं अर्धंअधिक कारण या वजाबाकीत आहे. त्यावर ग्लूट-४ काही करू शकत नाही, भांडी घासणारा नवरा करू शकतो.

शेवटी एक अगदी ठोस गोष्ट. गरोदरपणात ज्यांची साखर वाढलेली होती, त्यांना पुढच्या आयुष्यात टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका इतर मातांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. बाळंतपण झालं, साखर उतरली, की घरातले सगळे ते विसरतात आणि बहुतेक वेळा तपासणी राहूनच जाते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायची ही तपासणी सहा आठवड्यांच्या सुमारास करायची असते. बाळाची सहाव्या आठवड्याची लसही त्याच सुमाराला असते. त्याच फेरीत आईचीही तपासणी करून घ्यावी.