बार्शी लाईटच्या वाघिणी: मिरजेच्या छोट्या लाईनची पार्श्वभूमी

रेल्वेचा वारसा म्हटलं की आपल्याकडे इंजिनच डोळ्यांसमोर येतं. स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर चढवलेली, काळा-लाल रंग दिलेली इंजिनं अनेक गावांत आहेत. प्रवासी डबा तसा जपलेला क्वचित दिसतो आणि मालाची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, तर त्याहून क्वचित. मिरजेपुरता तरी हा प्रघात उफराटा आहे, असं मला मनापासून वाटतं. मिरजेला आलेल्या बार्शी लाईट रेल्वेचं तंत्रज्ञांच्या जगात जे नाव झालं, त्यात तिच्या डब्यांचा आणि वाघिणींचा वाटा इंजिनाहून तसूभरही कमी नव्हता.

बार्शी ही मोठी पेठ, पण मुंबई-मद्रास मुख्य लाईन तिला बाजूला ठेवून कुर्डुवाडीवरून गेली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाचं तेव्हाचं नाव बार्शी रोड. तिथपर्यंत माल बैलगाड्यांनी न्यावा लागे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने ही अडचण हेरली. अडीच फुटी रुंदीची स्वस्त रेल्वे बांधता येईल, हे तो पटवत राहिला. कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली.

कॅलथ्रॉपचा विचार साधा होता. रूळ किती जाड हवा हे गाडीतल्या सगळ्यांत जड अ‍ॅक्सलवर ठरतं, आणि तो (दोन चाकांना जोडणारा दांडा) बहुधा इंजिनाचा असतो. म्हणजे एकट्या इंजिनासाठी शेकडो मैल जाड रूळ टाकायचे आणि बाकीची गाडी त्यावरून हलकीच चालवायची. त्याने नियम घातला की इंजिन असो, डबा असो वा वाघीण, एका अ‍ॅक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. इंजिनाचा भार जास्त चाकांवर वाटून दिला आणि वाघीण त्या मर्यादेपर्यंत भरता येईल अशी बांधली. चार अ‍ॅक्सलची वाघीण म्हणजे सगळं मिळून २० टन. मग त्यात लोखंडाचं वजन जितकं कमी, तितका माल जास्त. म्हणून लीड्सच्या लीड्स फोर्ज कंपनीकडून दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे घेतले. डबा आणि वाघीण दोन्हींना खालचा सांगाडा एकाच मापाचा, २५ फुटी, ठेवला. त्यामुळे सुटे भाग कमी आणि दुरुस्ती सोपी. हा सरंजाम जहाजावर चढण्याआधी लीड्सजवळच्या न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून जाणकारांना चालवून दाखवला होता. हलक्या रेल्वेत लष्करालाही रस होता.



लाईन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या गाड्यांना प्रवासी डबे पुरत नसत, तेव्हा वारकऱ्यांना मालाच्या वाघिणींतूनही नेलं जाई. सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ, सलगरे, आरग अशी दुष्काळी पट्ट्यातली गावं या लाईनने जोडली. मिरजेत सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज आधीच होती. कोल्हापूरची शाखा १८९१ मध्ये, सांगली संस्थानची छोटीशी लाईन १९०७ मध्ये झाली. १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आली आणि मिरज जंक्शनात तिन्ही रुंदीचे रूळ एकत्र नांदू लागले. रुंदी बदलली की वाघीण पुढे जात नाही, म्हणून एका वाघिणीतला माल दुसरीत भरावा लागे. हमालांच्या कित्येक पाळ्या त्या कामात गेल्या असतील. बार्शी लाईट १ जानेवारी १९५४ रोजी सरकारकडे आली होती. नव्वदच्या दशकात मिरजेची मीटरगेज संपली आणि २००० नंतर टप्प्याटप्प्याने ही छोटी लाईनही ब्रॉडगेज झाली.

रुंदीकरण चुकीचं होतं असं मुळीच म्हणायचं नाही. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी गेली. कोट्याच्या वर्कशॉपात वाफेने धुतलेल्या टाकीच्या वाघिणी होत्या आणि पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर पाणी पोचलं. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा मूळचा छोट्या लाईनचाच मार्ग.

कॅलथ्रॉपने बार्शीनंतर इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला तशीच अडीच फुटी लाईन बांधली, लीक अँड मॅनिफोल्ड. ती १९०४ मध्ये सुरू झाली. मोठ्या लाईनची अख्खी वाघीण पाठीवर घेऊन जाणारी खास वाघीण तिथे होती, म्हणजे मिरजेच्या हमालांना जे करावं लागे ते तिथे टळलं. पण १९३४ मध्ये ती लाईन बंद पडली आणि इंजिनं भंगारात गेली. तेव्हा बंद लाईन लोकांनी चालवायला घ्यावी ही कल्पनाच नव्हती.

ती आली १९५१ मध्ये, वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर. मालक वारल्यावर लाईन बंद पडणार होती, तेव्हा हौशी माणसांनी संस्था काढून ती चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. तिथे १८६०च्या दशकातले मूळ डबे आजही धावतात. वेल्समधलीच वेल्शपूल अँड लॅनफेअर ही लाईन तर आपल्यासारखीच अडीच फुटी. १९६३ मध्ये स्वयंसेवकांनी ती पुन्हा सुरू केली, तेव्हा मूळचे प्रवासी डबे मोडून गेले होते. ऑस्ट्रिया, हंगेरी, सिएरा लिओन इथून डबे आणावे लागले, आणि मूळच्यांसारखे डबे पुन्हा बांधून घ्यायला नवं शतक उजाडलं. मोडलेल्या डब्याची किंमत अशी नंतर कळते. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या वाइट बेटावर सेवेतून काढलेल्या डब्यांची लाकडी अंगं समुद्रकाठी सुट्टीची घरं म्हणून विकली गेली होती. तिथल्या स्वयंसेवकांनी ती परत मिळवली, दुसऱ्या गाड्यांच्या सांगाड्यांवर बसवली आणि रुळांवर आणली.

अशा वर्कशॉपांत नेमकं काय चालतं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हौस म्हटलं की रंगरंगोटीच डोळ्यांसमोर येते. रंग सर्वांत शेवटी. आधी मापं घ्यायची, फोटो काढायचे, प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकायचा. लाकडी डब्यात कूज लागते ती बहुतेक खिडकीखाली. काच खाली सरकवायची जागा पाऊस झेलते आणि ते पाणी तळाच्या लाकडात मुरतं. छताला कापड ताणून रंग दिलेला असतो, ते कडेला फाटतं. मूळ रंग शोधण्यासाठी एका जागी हळूहळू घासत गेलं की झाडाच्या वलयांसारखे रंगांचे थर उघडे पडतात, कधी जुना नंबर सापडतो, कधी दर्जाचं अक्षर. पोलादी वाघिणीचं दुखणं निराळं. दोन पत्रे एकावर एक येतात तिथे गंज फुगतो आणि पत्र्यांना फाकवतो, त्यामुळे रिबिटी कापून पत्रे सोडवल्याशिवाय इलाज नसतो. अ‍ॅक्सलबॉक्समधलं बेअरिंग पुन्हा ओतायचं, चाकाची कड मापकाने तपासून गरज असेल तर लेथवर उतरवायची, व्हॅक्यूम ब्रेकच्या सिलिंडरची गळती काढायची. या कामांत निवृत्त फिटर, सुतार, शिक्षक आणि कॉलेजची मुलं एका बाकावर असतात. एका डब्याला अनेक वर्षं लागतात.

आपल्याकडे रेल्वे सरकारची आहे, त्यामुळे दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय (१९७७), दार्जिलिंग आणि निलगिरीच्या लाईनी हे सगळं रेल्वेने आणि तिच्याच कामगारांनी सांभाळलं. उत्तमच सांभाळलं. पण बाहेरच्या माणसाने हातोडी धरून आत शिरायची वाट त्यात तयार झाली नाही. कुर्डुवाडीचं वर्कशॉप हे बार्शी लाईटचं माहेर. छोटी लाईन गेल्यावरही माथेरानच्या डब्यांची दुरुस्ती तिथे होत राहिली, म्हणजे अडीच फुटाहून अरुंद लाईनचं कसबही त्या हातांत आहे. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तुणीच्या लाकडातून सतार आणि तंबोरा घडवणारे कारागीर आहेत. १९१० पासूनच्या किर्लोस्करवाडीने या जिल्ह्याला ओतकाम आणि लेथ शिकवले. सुतार, ओतारी, फिटर यांची वाण इथे नाही.

बार्शी लाईटवर काम केलेले फिटर आणि गार्ड आता थकले आहेत. वाघिणीचा ब्रेक कसा जोडलेला असे, कुठला सांगाडा लीड्सचा आणि कुठला नंतर इथे बनवलेला, बेअरिंगला तेल किती दिवसांनी घालायचं, हे त्यांच्या तोंडून नोंदवून ठेवायला रेल्वेची परवानगीही लागत नाही. मिरज, पंढरपूर आणि कुर्डुवाडीच्या रेल्वे वसाहतींच्या आसपास ही घरं शोधता येतील.