भूसेवा वाहनांचे चार्जिंग स्थानक

विमान एप्रनवर (विमाने उभी करण्याच्या फरसबंद जागेवर) उभे राहिले की सामानाचा ट्रॅक्टर, सामान चढवणारी पट्ट्याची गाडी, वीज देणारी गाडी, पाण्याची गाडी अशी वाहने त्याच्याभोवती येतात. ती बॅटरीवर चालत असल्यास त्यांच्या चार्जिंगसाठी विमानतळाच्या आतल्या हद्दीत केलेली सोय. ‘प्रभारण’ हा पारिभाषिक शब्द उपलब्ध असला तरी कामावरची माणसे चार्जिंगच म्हणतात. येथे तोच घेतला आहे.

उगम : शिसे-आम्ल बॅटरी गास्ताँ प्लान्ते याने १८५९ मध्ये तयार केली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेल्वेने सु. १९०६ मध्ये अल्टूना स्थानकात बॅटरीवर चालणारे सामानगाडे आणले. विमानतळावरील गाड्यांचे मूळ या फलाटगाड्यांत मानावे, की पुढे कारखान्यांत रुळलेल्या फोर्कलिफ्टमध्ये, याबाबत दोन्ही बाजूंनी बोलता येते. ८० व्होल्टची बॅटरी आणि जाड दोन-टोकी प्लग फोर्कलिफ्टकडे बोट दाखवतात. मात्र थोडे अंतर, पावलोपावली थांबणे आणि मागे ट्रॉल्यांची माळ ओढणे हे काम फलाटावरचेच आहे. त्यामुळे फलाटगाड्याचा वारसा अधिक संभवनीय वाटतो. विद्युत सामग्री फोर्कलिफ्टकडून नंतर आली असावी.

विदर्भ : गोंदियाजवळील बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील (सु. १९४०). तेथे १ डिसेंबर २०२३ रोजी इंडिगोची प्रवासी सेवा सुरू झाली. अमरावतीजवळील बेलोरा येथे १६ एप्रिल २०२५ पासून अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली. धावपट्टी १,८५० मी. लांब आहे. दोन्ही सेवा एटीआर-७२ विमानांनी सुरू झाल्या. या विमानाच्या मागच्या दारालाच जिना असल्याने जिन्याची गाडी लागत नाही. त्यात वेगळे सहायक जनित्रही (मुख्य इंजिने बंद असताना वीज देणारे छोटे इंजिन) नसते. जमिनीवर असताना उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने अडवून ते इंजिन चालू ठेवतात. बाहेरून २८ व्होल्टची एकदिश वीज मिळाली, तर ते बंद ठेवता येते. अशा तळावर पहिली बॅटरीगाडी घ्यायची तर ती वीजपुरवठ्याचीच घ्यावी. इंजिन बंद असल्याने मे महिन्यात गार हवेची सोय मात्र वेगळी करावी लागते.

उभारणी : खरी अडचण चार्जरची नसून जमिनीची आहे. वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. ओली असताना ती अर्थिंगला (गळती झालेली वीज जमिनीत उतरवण्याच्या जोडणीला) उत्तम; वाळली की जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते आणि जानेवारीत समाधानकारक असलेला रोध मे महिन्यात कितीतरी वाढलेला दिसतो. म्हणून अर्थिंगची मोजणी ऐन उन्हाळ्यात करावी, खड्ड्यात ओल टिकवणारे मिश्रण भरावे आणि पाणी घालण्यासाठी नळी ठेवावी. चार्जरचा पाया काळ्या मातीवर थेट न टाकता ती काढून मुरूम भरून घ्यावा. लघुदाबाची केबल किमान ७५ सेंमी. खोल, वाळूच्या थरात, वर विटा ठेवून टाकतात. झाडीपट्टीतील बिरसीला काळ्या मातीचा हा त्रास तितका नाही.

वीज शेतीपंपांच्या फीडरवरून (उपकेंद्रातून येणाऱ्या वाहिनीवरून) घेऊ नये. हंगामात पंप लागले की व्होल्टेज पडते. शक्यतो स्वतंत्र फीडर व स्वतःची डीपी (रोहित्र) असावी. ८० व्होल्ट, ४०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३२ युनिट मावतात. ८ किलोवॅटच्या चार्जरवर ती साधारण चार-पाच तासांत भरते. दिवसातून मोजकीच विमाने येणाऱ्या तळाला एवढा चार्जर पुरतो.

ऊन : शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअस वाढीला ढोबळमानाने निम्मे होते. लिथियम बॅटरी फार तापली की तिची नियंत्रण यंत्रणा चार्जिंग मंद करते. त्यामुळे छप्पर अत्यावश्यक. चार्जिंग पहाटेपूर्वी उरकलेले बरे. शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन सुटतो व हवेत ४ टक्क्यांवर तो स्फोटक होतो, म्हणून शेड बाजूंनी मोकळी ठेवतात.

नियम : चार्जिंग ही सेवा असून वीजविक्री नव्हे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, त्यामुळे वीज परवाना लागत नाही. विमानात इंधन भरण्याच्या जागेपासून चार्जर दूर ठेवावा लागतो, आणि प्लग लावलेला असताना गाडी सुरूच होऊ नये अशी कडी तिच्यात असावी.