डिजिटल जतन

संगणकीय फायलींतला मजकूर, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि विदा (डेटा) अनेक वर्षांनीही उघडावी, वाचता यावी आणि अस्सल मानता यावी, यासाठी अखंड चालणारे काम. कागद कपाटात पडून राहिला तरी शंभर वर्षे टिकू शकतो. फाइल नुसती ठेवून दिली तर पंधरा-वीस वर्षांत मुकी होऊ शकते.

ब्रिटनमध्ये असेच झाले. १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ला, म्हणजे इंग्लंडमधल्या जमीन-मालमत्तेच्या चर्मपत्रांवरील नोंदवहीला, नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये गावोगावची माहिती जमवून लेझरडिस्कवर उतरवली. या कामात शाळकरी मुलांचा मोठा हातभार होता. पण त्या तबकड्या वाचणारी यंत्रे लवकरच दुर्मीळ झाली आणि संशोधकांना जुन्या संगणकाची नक्कल करणारी प्रणाली तयार करावी लागली. मूळ चर्मपत्रे मात्र आजही वाचता येतात.

अशा अनुभवांतूनच ब्रिटनमध्ये २००२ मध्ये डिजिटल प्रिझर्वेशन कोअलिशन आणि २००४ मध्ये डिजिटल क्युरेशन सेंटर उभे राहिले. दोन्ही संस्था प्रशिक्षण देतात. भारतात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने या क्षेत्रात पायाभूत काम केले आहे.

प्रशिक्षणात आधी शिकवतात त्या गोष्टी साध्या आहेत: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. शिवाय प्रत्येक फाइलचा ‘चेकसम’, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने काढलेली खूण. मजकुरातली एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली तरी ही खूण पार बदलते, म्हणून ती ठरावीक काळाने पडताळायची असते.

पण खूण जुळली म्हणजे जतन झाले, असे नाही. मराठीत हे फार जाणवते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेतांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी डीटीपीवर (संगणकावरील छपाईपूर्व अक्षरजुळणीत) टंकलेल्या फायलींत देवनागरी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांचे संकेतांक असत. फाँट हरवला की धडधाकट फाइलमधून निरर्थक चिन्हे बाहेर पडतात. म्हणून फायलीसोबत फाँटचे नाव, आवृत्ती आणि शक्य असल्यास फाँटही ठेवावा. मूळ फाइल कधीही पुसू नये. तिच्याबरोबर युनिकोड प्रत आणि फाँट अंतर्भूत असलेली पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफचा प्रकार) प्रत ठेवावी. रूपांतरानंतर मुद्रितशोधन हवेच, कारण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास तिथेच घसरतात.